शिडीबाईचं उठणं

शिडीबाईला कुणी हात द्यायला आलं की तिच्या अंगाचा तिळपापड होतो. बसमध्ये कुणी उठून जागा दिली तर ती म्हणते, "बसा हो, तुमचेच पाय दुखत असतील." रस्ता ओलांडताना एखाद्या भल्या माणसाने दंड धरला तर ती त्यालाच पलीकडे नेऊन सोडते आणि वर विचारते, "आता इथून जाल ना नीट?" डॉक्टरांनी दिलेली काठी घरात आहे. तिचा उपयोग वरच्या फळीवरचे डबे पुढे ओढायला होतो.

डावा पाय मात्र तिला जुमानत नाही. दर पावलाला तो बाहेरच्या बाजूने वळसा घेऊन, आपल्या सवडीने पुढे येतो, आणि तो येईपर्यंत शिडीबाई क्षणभर थांबते. मग पुढचं पाऊल. लांबून, पाठमोरी, भर गर्दीत, ओळखीची माणसं तिला या चालीवरून ओळखतात. तिला त्याचं काही वाटत नाही. चाल बघून कुणी चुकचुकलं तर मात्र वाटतं, आणि मग त्या माणसाची धडगत नसते.

नाव पडलं ते चपला-बुटांच्या दुकानात. पुढच्या भागात आरसे, गुबगुबीत बाकं आणि पाय हलवत बसलेली गिऱ्हाइकं. मागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत खोकी, एक शिडी आणि ही. काळा दाखवा. हाच आठ नंबरात दाखवा. नको, पहिलाच बरा होता. माणसं बूट घ्यायला येतात की दुसऱ्याच्या पायांना व्यायाम द्यायला, असा प्रश्न तिला तेव्हा रोज पडायचा. एके दिवशी शिडीचा पाय फरशीवरून सरकला आणि ती वरच्या पायरीवरून थेट खाली आली. खुब्याच्या हाडाला तडा गेला. मालक आवाज ऐकून दाराशी आला आणि त्याने पहिली चौकशी केली ती अशी, की पडताना महागाच्या खोक्यांवर तर नाही ना पडलीस. हे ती अजून सांगते, मालकाच्याच आवाजात, आणि सांगताना खदखदून हसते.

हसू थांबतं ते त्याच्या पुढच्या भागावर. शिडीबाईचं म्हणणं, की मालक मदतीला माणसं बोलवायला गेला तेवढ्या वेळात ती एकटी, आपली आपण, फरशीवरून उठून उभी राहिली होती. माणसं आली तेव्हा ती फळीला टेकून उभी होती. मालकाने मात्र गावभर सांगितलं, की बाई बेशुद्ध पडली होती, आम्ही चौघांनी मिळून उचलली. डॉक्टरांना तेच सांगितलं, नवऱ्याला तेच सांगितलं. अशा हाडावर माणूस उठू शकत नाही, असं डॉक्टरही म्हणाले. नवऱ्याने मान डोलावली आणि बायकोला म्हणाला, "आता पुरे झालं. बस घरात." ज्याच्या हाती दुकान, त्याचंच सगळ्यांना खरं वाटतं. हिचं ऐकायला कुणाला सवड होती?

हाड जुळलं, पाय थोडा आखूड राहिला, आणि पाय टेकता येऊ लागल्याबरोबर ही दुकानात हजर. पहिल्याच दिवशी, कुणी काही मागितलेलं नसताना, शिडीवर चढून अगदी वरचं खोकं खाली घेऊन आली. मालक बघत राहिला. शिडीवरून पडली म्हणून बरोबरच्या बायका तिला कुजकटपणे शिडीबाई म्हणायला लागल्या, आणि तिने ते नाव असं काही मिरवलं, की चिडवण्यातली सगळी मजाच गेली. पुढे मालक गेला, दुकान गेलं, नवराही गेला. तिची मुलगी शिकली, कमावती झाली. आता दोघी मायलेकी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात, आणि जिन्यात लेक मागून कोपराला हात लावायला गेली की रोज भांडण होतं.

लेकीची नोकरी शेजारणींना नीट समजावून सांगता सांगता शिडीबाई दमली. फर्निचरच्या दुकानावर एक छोटं ऑफिस आहे, तिथे पाच-सहा जणं मिळून मोबाईलवरचा एक खेळ बनवतात. खेळ फुकट. मध्ये मध्ये जाहिराती बघायच्या, त्यावर ऑफिस चालतं. खेळात एक अख्खं शहर आहे, पूल, इमारती, गल्ल्या, गाड्या सगळं, आणि त्यात एक निळा मुखवटा घातलेला महाबली. त्याला ऑफिसात सगळे मुखवट्या म्हणतात. तो उडतो, भिंतीवर चढतो, मोटार उचलून भिरकावतो. गुंडांच्या मागे लागायचं की नुसतं गच्चीवर बसून गार वारा खायचा, ते ज्याचं त्याने ठरवायचं. मुखवट्या कुणालाही मारू शकतो. मारलं की माणूस पडतो आणि पडलेल्या जागी नाणी खणखणतात. ती गोळा केली की मुखवट्याला नवे कपडे.

लेकीकडे त्या शहरातली गर्दी होती. रस्त्यावरून जाणारी साधी माणसं चालवायची, बसवायची, पळवायची. मोठ्या कंपन्यांत म्हणे यासाठी नटांना तारा लावलेले अंगभर कपडे घालतात. या ऑफिसात एक लांब बोळ होता आणि एक फोन. ज्याची हालचाल हवी त्याला बोळातून चालवायचं, फोनवर चित्रण करायचं, आणि मग लेक ते थांबवून थांबवून बघणार आणि खेळातल्या बाहुलीचा सांधा न् सांधा तसाच वाकवणार. मुखवट्याचं उडणं आणि ठोसे ऑफिसच्या मालकाने स्वतः दिले होते; त्या मालकाला सगळे कॅप्टन म्हणायचे आणि त्याला ते मनापासून आवडायचं. धावणं हिशेबनिसाचं. पडणं इमारतीच्या वॉचमनचं. वॉचमन एके काळी नाटकात काम करायचा आणि पडायचा असा, की बघणाऱ्याने वाहवा म्हणावं: दोन्ही हात वर, एक गिरकी, मग धाडकन. त्याचं ते एकच पडणं शहरातल्या सगळ्या माणसांना लावलं होतं. गुंड पडला तरी वॉचमन, भाजीवाली पडली तरी वॉचमन.

एका सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, लेकीने आईच्या हातात फोन दिला. खेळ अजून बाहेर आला नव्हता, चाचणी चालू होती. शिडीबाईला वाटलं होतं पोरखेळ असेल. पण मुखवट्या भिंतीला चिकटून सरसर वर गेला आणि ती सावरूनच बसली.

"अगं, याला शिडी नको, काही नको," ती म्हणाली. "आमच्या मालकाने याला नोकरीवर ठेवला असता."

तासभर तिने त्याला शहरातल्या सगळ्या उंच इमारतींवर चढवलं. गुंडांना तिने भीक घातली नाही. मग तो एका चौकात उतरला आणि समोरून, हातात पिशवी घेतलेली एक म्हातारी आली. तिचा डावा पाय बाहेरून वळसा घेऊन आला, ती क्षणभर थांबली, आणि मग पुढचं पाऊल पडलं.

शिडीबाईने फोन गादीवर ठेवला. ती उठली, कपाटाच्या आरशासमोरून एकदा इकडून तिकडे गेली, एकदा तिकडून इकडे आली.

"ही मी आहे," ती म्हणाली.

लेक लाजली. "तू त्या दिवशी माझा विसरलेला डबा घेऊन आलीस ना, तेव्हा बोळात कॅमेरा चालूच होता. ऑफिसात सगळ्यांना फार आवडली. सर म्हणाले, हिच्यामुळे रस्ता खरा वाटतो."

"न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नीट चालायला गेली असतीस."

हे खरं होतं, म्हणून शिडीबाईने फोन परत उचलला. आणि खोटं कशाला सांगा, ती मनातून सुखावलीही होती. जन्मभर जी चाल बघून लोक तोंड फिरवायचे, ती एका अख्ख्या शहरात, दिमाखात फिरत होती. तिने मुखवट्याला म्हातारीच्या मागे मागे चालवलं. दुकानापाशी म्हातारी थांबली, तोही थांबला. ती वळली, तोही वळला. त्या वळणावर शिडीबाईचा अंगठा चुकून भलत्याच बटणावर पडला आणि मुखवट्याने म्हातारीच्या पाठीत ठोसा मारला.

दोन्ही हात वर, एक गिरकी, धाडकन. नाणी खणखणली.

"अगं बाई," शिडीबाई म्हणाली आणि मुखवट्याला हलूच न देता तशीच थांबली. म्हातारी पालथी पडून होती. बघता बघता ती पुसट होत गेली आणि रस्त्यावर काहीच उरलं नाही, पिशवीसुद्धा.

"कुठे गेली?"

"गेली. पडलेली माणसं काढून टाकतो आम्ही. नाहीतर फोनवर भार येतो."

"उठत नाही?"

"कुणीच उठत नाही, आई. तशी सोयच नाही. ती बघ, त्या कोपऱ्यावरून दुसरी आली."

दुसरीचाही डावा पाय वळसा घेऊन येत होता. शिडीबाईने फोन लेकीच्या पुढ्यात सरकवला.

"पडली त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "माणूस पडतं. मीही पडले. पण माझा पाय घेतलास, पाठ घेतलीस, आणि मला पाडून पुसून टाकलंस? तुझ्या हाताने केलंस ना हे? काहीच वाटलं नाही?"

"आई, खेळ आहे तो. आणि उठण्याचं काय घेऊन बसलीस, तू तरी कुठे उठली होतीस? उचलूनच आणली होती ना तुला."

बोललेला शब्द परत तोंडात घालता येत नाही. लेकीलाही ते लगेच कळलं, पण तोवर शिडीबाई आतल्या खोलीत निघून गेली होती. नवऱ्याचं तिने सोडून दिलं होतं, डॉक्टरांचं, शेजाऱ्यांचं सोडून दिलं होतं. पण लेकीला तिने लहानपणापासून स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की मी उठले, आणि लेक दर वेळी हो हो म्हणायची. ते हो हो नुसतं आईचं मन राखायला होतं, हे आज तिला समजलं, आणि त्याने ती जितकी दुखावली तितकी शिडीवरून पडून दुखावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लेक ऑफिसात पोचून चहा घेते न घेते, तोच बोळातून ओळखीची पावलं ऐकू आली. शिडीबाई जिना चढून आली होती, चांगले कपडे घालून, केस चापून बसवून. ती लेकीकडे न बघता तडक कॅप्टनच्या टेबलाशी गेली.

कॅप्टन तसा वाईट माणूस नव्हता. तिशीतला, कायम घाईतला, बोलताना पेनाचं टोपण चावणारा. "या या, आजी," तो म्हणाला. "तुम्ही तर आमच्या स्टार."

"स्टारला उठवत का नाही तुम्ही?"

त्याला काही कळेना. लेकीने खाली मान घालून दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"आजी, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "लोक दोन मिनिटं विरंगुळा म्हणून खेळतात. ठोसा, नाणी, पुढे. पडलेल्याकडे वळून कोण बघतं?"

"कुणी बघत नाही, तेच म्हणते मी. एक तर माझी चाल तुमच्या खेळातून काढा, नाहीतर ती बाई पडल्यावर उठली पाहिजे. पाय माझा आहे. तो कुठे आणि कसा पडेल ते मी सांगणार."

कॅप्टनने टोपण चावलं. चाल काढायची तर म्हातारी नव्याने करावी लागणार होती आणि खेळ बाहेर काढायची तारीख तोंडावर आली होती. शिवाय म्हातारी त्याला खरंच आवडायची. "माझी ना नाही," तो शेवटी म्हणाला, "पण उठणार कोण? आमचा वॉचमन फक्त पडतो."

"मी आहे ना."

"आई, नको," लेक मध्ये पडली. "हाडावर जोर येईल. काही झालं तर?"

"तू कॅमेरा धर," शिडीबाई म्हणाली. कालपासून ती लेकीशी बोलली ते हे पहिलं वाक्य.

वॉचमनच्या खोलीतून गादी आली. ती बोळात अंथरली. शिडीबाई तिच्यावर बसली, डाव्या कुशीवर आडवी झाली, कोपराने जोर लावून बघितला आणि कोपर गादीत रुतलं. ती तशीच पडून म्हणाली, "ही काढा. मी फरशीवर पडले होते."

गादी निघाली. हिशेबनीस, वॉचमन, चित्रं काढणारे दोघे, सगळे भिंतीला लागून उभे राहिले. कॅप्टनने हात वर करून खाली आणला आणि लेकीने चित्रण सुरू केलं.

शिडीबाईने आधी कोपर रोवलं. मग तळहात. डोकं खाली लोंबत होतं, कपाळ फरशीला लागेल इतकं खाली. उजवा गुडघा पोटाशी घ्यायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. डावा पाय मागे ताठ, कामाचा नाही, नुसता ओढायचा. मग दोन्ही तळहात उजव्या गुडघ्यावर, आणि तिने अंग वर रेटलं. अर्ध्यावर ती अडकली. ना वर ना खाली, अशी वाकलेली, दंड थरथरत होते, तोंडातून दबका आवाज येत होता. हिशेबनिसाला राहवेना, तो पुढे झाला.

"मागे," ती म्हणाली.

लेकीचा एक हात आपोआप फोनवरून सुटून पुढे गेला होता. शिडीबाईने मान वर केली नाही, पण तिला कळलं. "कॅमेरा," ती म्हणाली, आणि हात मागे गेला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. खालच्या दुकानात कुणी तरी सोफा सरकवत होतं, तेवढाच आवाज. मग तिच्या अंगाने एक हिसका दिला आणि ती उभी राहिली. लगेच चालली नाही. श्वास घेतला. गुडघे झटकले. सुटलेली बट कानामागे नेली. आणि मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघितलं. रागाने नाही, रडून नाही. झालं का तुझं समाधान, असं विचारल्यासारखं. मग डावा पाय वळसा घेऊन आला आणि ती पाण्याच्या पिंपापाशी चालत गेली.

फोन अजून लेकीच्या हातात होता आणि तिचे डोळे घळाघळा वाहत होते. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. मागची बंद खोली, खोकी, फरशी, एकटी आई, सगळं तिने आत्ता डोळ्यांनी बघितलं होतं. परक्या माणसाचं, एका चपलांच्या दुकानदाराचं, आपण इतकी वर्षं खरं धरलं आणि जिने जन्म दिला तिचं नाही, याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. शिडीबाई पाण्याचा ग्लास घेऊन तिच्याजवळ येऊन उभी राहिली. "उचलली म्हणे," एवढंच बोलली आणि पाणी प्यायली.

"जबरदस्त, आजी," कॅप्टन म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटत होतं. पण तो लगेच पुढे म्हणाला, "फक्त लांब आहे हो. खेळात पापणी लवायच्या आत उठायला हवं. पडली आणि उभी. मधलं कापून टाकू."

"मधलंच तर उठणं आहे," शिडीबाई म्हणाली. "कडेचं कुणालाही येतं."

"बघू."

"बघू नका. ठेवा."

आणि ती गेली. जिना उतरतानाचा तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

त्यानंतर लेकीने जेवायला उठायचंही सोडून ते काम केलं. आधी वॉचमनची गिरकी म्हातारीकडून काढून घेतली आणि तिला साधं, कुशीवर पडू दिलं. मग चित्रण थांबवत थांबवत आईचं कोपर, तळहात, मनगट, वाकलेली पाठ, दंडाची थरथरसुद्धा बाहुलीत उतरवली. उठेपर्यंत ती पुसली जाणार नाही, अशी सोय केली. कॅप्टन रोज मागून येऊन बघायचा आणि म्हणायचा, "छान आहे. आता काप." एकदा तिने कापून पाहिलं. म्हातारी पडली आणि बाटलीचं बूच उडावं तशी टुणकन उभी राहिली. पलीकडचे दोघे हसले. लेक हसली नाही. तिने ते पुसून टाकलं.

खेळ बाहेर पडायच्या दिवशी कॅप्टनने विचारलं, "म्हातारी कापली ना?"

"नाही," ती म्हणाली. "कापणार पण नाही."

आजवर तिने त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. तो वैतागला, आणि मग घड्याळ बघून म्हणाला, "आत्ता वेळ नाही, जाऊ दे असंच. पण लोक बोंबलायला लागले ना, की पुढच्या अपडेटमध्ये तूच कापशील. लिहून ठेव."

लोक बोंबलले. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल माणूस जितकी कुरकुर करतो तितकी पैसे मोजून घेतलेल्याबद्दल करत नाही. ऑफिस छोटं असल्याने सगळ्या तक्रारींना उत्तरं द्यायचं कामही लेकीकडेच होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून एकेक वाचत होती आणि शिडीबाई खाली बसून भाजी निवडत होती. जाहिराती फार आहेत. फोन तापतो. माझी मोटार भिंतीत घुसली, काढून द्या. आणि मधून मधून म्हातारी. म्हातारी उठायला फार वेळ लावते. म्हातारी रस्त्यात पडून राहते. बाकीचे पडले की जातात, हीच का उठते?

"काय उत्तर देतेस?" शिडीबाईने विचारलं.

"अजून काहीच नाही दिलं."

तेवढ्यात कॅप्टनचा फोन आला. लेकीचा एक हात पिठाचा होता, म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला.

"वाचलंस?" कॅप्टनने सुरुवात केली. "मी म्हटलं होतं की नाही? सगळ्यांना लिही, की दुरुस्ती चालू आहे. आणि उद्या आल्या आल्या ती म्हातारी काप."

"मी कापणार नाही, सर."

"अगं, हट्ट काय करतेस? खेळ तुझा नाही, माझा आहे."

"खेळ तुमचा आहे. उठणं माझ्या आईचं आहे. तुम्हाला कापायचंच असेल तर दुसऱ्या कुणाकडून कापून घ्या, आणि गर्दी सांभाळायलाही मग दुसरंच कुणीतरी बघा."

शिडीबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. नोकरी लेकीला जिवापाड आवडायची, हे तिला माहीत होतं. तिने मान वर करून लेकीकडे बघितलं, पण तिला थांबवलं नाही.

"विचार करून बोल," कॅप्टन म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "एका म्हातारीसाठी कुणी नोकरी सोडतं का? तक्रारी तूच वाच ना. कुणाला हवी आहे ती?"

"वाचते," लेक म्हणाली. तिने निवडून घेतली नाही. बोलता बोलता जी नवीन तक्रार येऊन वर बसली होती, तीच तिने अंगठ्याने उघडली आणि मोठ्याने वाचायला लागली. "मी गंमत म्हणून आजीला मारलं. मला वाटलं ती गेली. पण ती हळूहळू उठली. मी उडून जायचं विसरलो. ती उभी राहिली आणि तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून मला तिला परत मारवत नाही. बाकीच्यांनाही मारताना ते उठतील असं वाटतं. खेळ बिघडला आहे. कृपया दुरुस्त करा."

स्पीकरमधून टोपण चावल्याचा आवाज आला.

शिडीबाईने परात बाजूला सरकवली. तळहात फरशीवर टेकला, उजवा गुडघा पोटाशी घेतला, आणि वर आली. लेक जागची हलली नाही. शिडीबाईने ओट्याशी येऊन फोनकडे तोंड केलं.

"साहेब," ती म्हणाली, "आता कापून दाखवा."